जिथे पाऊल पडत नाही

१

बुधाला टाकीतून वर काढलं तेव्हा त्याच्या अंगाला आंबलेल्या द्राक्षांचा वास येत होता, आणि तेवढ्या वासावर इंदिरानगरातल्या शहाण्या माणसांनी त्याचा निकाल लावून टाकला.

"प्यायला असणार," जीवन आव्हाड म्हणाले. ते अभ्यासिकेच्या ट्रस्टचे अध्यक्ष, धंद्याने बिल्डर, आणि कुठल्याही गोष्टीचा उलगडा पहिल्याच मिनिटाला करून मोकळं व्हायची त्यांना सवय. "सकाळी सकाळी टाकून आला, टाकीत डोकावला, तोल गेला. दुसरं काय?"

दुसरं काय, हे कुणालाच सुचलं नाही. पोलीस आले, त्यांनी नाक आक्रसलं आणि अपघाती मृत्यू असं लिहून घेतलं. डॉक्टरांचा तपासणीचा अहवाल यायला काही महिने लागणार होते. लोकांना मात्र अहवालाची गरज वाटत नव्हती.

अभ्यासिका म्हणजे दोन मजली इमारत. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं दिवसभर तिथे मान खाली घालून बसतात. उन्हाळ्यात वरच्या मजल्याची भट्टी व्हायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी छतावर हिरवळ केली. ती केली निकिता निमसेने. शेतातली चांगली माती खरवडून छतावर चढवायची नाही, हा तिचा हट्ट. मग पाडकामातल्या विटाकौलांचा चुरा आला, सिन्नरच्या कारखान्यातल्या हलक्या ठोकळ्यांचे तुकडे आले, इगतपुरीकडच्या भातगिरण्यांतली तुसाची राख आली, आणि वायनऱ्यांनी पिळून फेकलेला द्राक्षांचा चोथा कुजवून त्याचं खत आलं. लोकांनी टाकून दिलेल्या असल्या गोष्टींवर निकिताने गवत, ओवा, कोरफड आणि रानफुलं वाढवून दाखवली होती. पावसाचं जास्तीचं पाणी छतावरून पाइपाने मागच्या अंगणातल्या भूमिगत टाकीत उतरायचं आणि उन्हाळ्यात पंपाने तेच पुन्हा वर जायचं. दिवाळीपासून ती टाकी बंद होती. मार्च लागला, पंप सुरू करायची वेळ आली, आणि त्याच टाकीत ट्रस्टचा माळी बुधा भोये मरून पडला.

टाकीच्या झाकणाशेजारी एक कोरी करकरीत जाळी पडली होती. पंपाच्या पाइपाच्या तोंडाला बसवतात तसली, मुठीएवढी. ती निकितानेच आदल्या दिवशी बुधाच्या हातात दिली होती. सगळे बुधाकडे बघत होते. निकिताने ओढणी सावरल्यासारखं केलं, वाकली, आणि जाळी उचलून पिशवीत टाकली. का टाकली म्हणून तेव्हा कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. हात आपसूक गेला होता.

बुधाच्या चपला टाकीजवळ नव्हत्या. त्या सापडल्या छतावर जाणाऱ्या लोखंडी शिडीच्या पायथ्याशी, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

"घ्या. चपला कुठे काढल्या याचीसुद्धा शुद्ध नव्हती," जीवनराव म्हणाले.

निकिताचे वडील भिंतीला टेकून उभे होते. निवृत्ती निमसे, ट्रस्टचे सचिव; सगळे त्यांना अण्णाच म्हणत. बुधा त्यांचा लाडका होता. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "चल, घरी चल," एवढंच ते निकिताला म्हणाले.

घरी जाताना निकिताने फोन उघडून बघितला. बुधाचा सकाळचा कॉल तिथे होताच. बुधाचा फोन त्याच्याबरोबर पाण्यात गेला होता. तो काय म्हणाला आणि ती काय म्हणाली, हे आता फक्त तिलाच माहीत होतं.

२

बुधाचा दहावा व्हायच्या आत निकिताच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक होती आशा, बुधाची बायको. दुसऱ्या उज्वला गायधनी. कारखान्यांची सुरक्षा तपासण्यात यांची सगळी नोकरी गेली. बॉयलर, टाक्या आणि मालकांची गोड बोलणी, तिन्हींवर त्यांचा सारखाच अविश्वास. आता रिटायर होऊन राणेनगरात राहत. आशा त्यांच्याकडे पोळ्या करायची.

"हिची तक्रार ऐक," उज्वलाताई म्हणाल्या. "मी हसले नाही. तूही हसू नकोस."

आशाने पदराची गाठ सोडून एक अंगठी पुढे केली. काळीभोर.

"हास्पिटलात बदलली, ताई. माझ्या बापानं लग्नात घातलेली चांदीची अंगठी व्हती त्याच्या बोटात. ह्यी लोखंडाची दिली मला."

"घरात दातांची पांढरी पावडर आहे?" उज्वलाताईंनी विचारलं. निकिताने आणून दिली. त्यांनी चिमूटभर पावडर अंगठीवर घेतली आणि पदराच्या टोकाने घासत बसल्या. हळूहळू काळं निघालं आणि आतून चांदी दिसायला लागली. आशा बघत राहिली. मग तिने अंगठी ओढून घेतली आणि मुठीत दाबून धरली.

"बदललेली नाही," उज्वलाताई म्हणाल्या. "काळी पडलेली आहे. आणि दारूने चांदी काळी पडत नाही. वायनरीच्या पिंपात उतरून माणसं मरतात, तिथल्या वायूनेही पडत नाही. असं काळं करतो तो गंधकाचा वायू. सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि मग माणूस उभ्याचा आडवा होतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो तो."

"मग त्याच्या अंगाला अंड्याचा वास का नव्हता?" निकिताने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"झाकण उघडं होतं. लोक जमेपर्यंत वायू उडून गेला. राहिला अंगावरचा गाळ, तुझ्या चोथ्याचा. त्याला सगळ्यांनी दारू म्हटलं."

आशा खाली बसली होती. "गावाकडं समदे म्हणत्यात, बुधा पिऊन मेला. त्याच्या गळ्यात माळ व्हती, ताई. थेंब घेत नव्हता त्यो. मला कुणाकडनं काय नको. त्याच्या नावाचा ह्यो डाग तेवढा काढून द्या."

निकिताला तिच्याकडे बघवेना. माझा चोथा, तिच्या मनात येत होतं. माझंच खत वाहून टाकीत गेलं, तिथे सडलं, आणि त्याने माणूस घेतला. वरून त्या माणसाला मीच खाली पाठवलं.

"चोथ्याने झालं का हे?" तिने विचारलंच.

"नुसत्या चोथ्याने नाही. चोथ्यात एवढं गंधक कुठलं? चोथ्याने फक्त सडायचं काम केलं. गंधक दुसरीकडून आलंय."

निकिताला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच शरमही वाटली. समोर आशा बसलेली होती.

"तुझ्या चार जिनसांत ते नाही," उज्वलाताई उठता उठता म्हणाल्या. "म्हणजे त्या छतावर पाचवी जिन्नस आहे. तुला न सांगता कुणीतरी घातलेली."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्वलाताईंनी सगळ्यांना छतावर बोलावलं होतं. जीवनराव बूट वाजवत शिडी चढले. त्यांच्यामागे दत्तू गांगुर्डे, दिंडोरीकडून टेम्पोने चोथा आणणारा. हा माणूस आपल्यावर आळ यायच्या आधीच नाकारायला लागतो.

"आपण चोथा चार महिने कुजवून आणला, म्याडम. लय लोक ताजाच आणून टाकत्यात. माझ्या चोथ्यात काय बी नाय. पाडकामाच्या राड्याचं विचारा की. बिल्डर लोकांच्या राड्यात काय काय असतं ते तुमाला ठावं."

"माझ्या राड्यात काय असतं?" जीवनराव तडकले. "जुनी कौलारू घरं पाडली मी. वीट, कौल, चुना. बाकी काही नाही."

"चुना नाही चालणार. मला प्लास्टर हवंय," उज्वलाताई शांतपणे म्हणाल्या. "पीओपी. त्यात गंधक असतं. ते पाण्यात थोडं थोडं उतरतं, टाकीच्या तळाला जातं, आणि झाकण बंद असलं की सडत्या गाळात त्याचा वायू होत राहतो."

"फॉल्स शिलिंग," दत्तू लगेच म्हणाला. "पाडकामात फॉल्स शिलिंग निघतंच की."

"कौलारू घराला फॉल्स सीलिंग? बघितलंयस कधी?" जीवनराव म्हणाले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बिल्डरच्या कपाळावर घाम दिसला की लोकांना पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. निकितालाही वाटलं. खरं सांगायचं तर तिला तसं वाटून घ्यायचं होतं.

एवढ्यात अण्णा आले. शिडीच्या पायथ्याशी त्यांनी चपला काढल्या, कठडा धरून सावकाश वर चढले.

"हे बघा," जीवनराव विषय बदलायला टपलेलेच होते. "अण्णा, देवळात आलात का? दरवेळी अनवाणी."

"ओल असते इथे. घसरायला होतं," अण्णा म्हणाले.

"आणि ही सुतळी?" उज्वलाताईंनी बोट दाखवलं. छताच्या कडेने चालायला फरशीचा पट्टा होता. आतल्या हिरवळीचा मधला भाग चारी बाजूंनी सुतळी बांधून अडवलेला होता.

"ती अण्णांचीच लक्ष्मणरेषा. आत पाऊल टाकायची कुणाची बिशाद नाही," जीवनराव म्हणाले. "मी मध्ये एक बाकडं टाका म्हणत होतो, मुलांना बसायला. टाकू दिलं नाही."

"रोपं दबतात," अण्णा म्हणाले.

निकिताला त्यांचं कौतुक वाटायचं. तिने लावलेल्या झाडांची इतकी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती.

उज्वलाताईंनी कठड्यावरून खाली अंगणात डोकावून बघितलं. कोपऱ्यात सिमेंटचा एक मोठा कोरडा हौद होता. "तो कशाचा?"

"विसर्जनाचा," जीवनराव म्हणाले. "गणपतीत लोक गोदावरीवर जायच्याऐवजी इथे येतात. मूर्ती दान घेतो आपण. ते सगळं अण्णा बघतात, मी फक्त फोटोला उभा राहतो."

उज्वलाताईंनी मान डोलावली आणि पिशवीतून खुरपं काढलं.

४

आधी त्यांनी कडेला खणलं, जिथे टेम्पोतला माल दोराने वर ओढून ओतला होता. लाल चुरा, राखेचा करडा भुगा, मुळांचं जाळं. पांढरं काही नव्हतं. चारी कोपरे झाले, तिथेही काही नाही. जीवनरावांनी रुमालाने कपाळ पुसलं.

मग त्यांनी सुतळी ओलांडली. आधी सँडल काढले, हे फक्त निकिताने बघितलं. एक रोपटं मुळासकट अलगद उचललं आणि खाली हात घातला. हात वर आला तो पांढऱ्या खड्यांनी भरलेला होता. खड्यांमधून काथ्याचे धागे लोंबत होते.

"प्लास्टर," दत्तू म्हणाला. "म्हनलं नव्हतं?"

"थांबा." त्यांनी आणखी एक जागा उकरली, मग आणखी एक. मध्यभागी सगळीकडे पांढरे खडे होते, नीट थर देऊन बसवलेले, आणि वर रोपं पुन्हा होती तशी लावलेली. कडेकडे येईल तसे खडे संपत गेले. एक तुकडा त्यांनी उजेडात धरला. एका बाजूने तो गुलाबी होता. गुलाबीवर सोनेरी रंगाची एक बारीक रेघ होती.

"सीलिंगची नक्षी असेल," दत्तू म्हणाला.

जीवनरावांचा आवाज चढला. "मी हे टाकलं नाही. माझ्या मुलीची शपथ. मी बाकी शंभर गोष्टी करतो, हे केलेलं नाही."

कुणीही त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. दत्तू तर मोकळेपणी हसला. अण्णा तेवढे त्या गुलाबी तुकड्याकडे बघत होते. मग काही न बोलता ते वळले आणि शिडी उतरून गेले.

सगळे गेल्यावर उज्वलाताई निकिताला टाकीकडे घेऊन गेल्या. त्यांनी टाकी उपसून घेतली होती. कोपऱ्यात पंपाचा पाइप काढून ठेवला होता.

"पाइपाच्या तोंडाची जुनी जाळी तळाशी पडलेली सापडली," त्या म्हणाल्या. "पान्याने सोडवलेली. पानाही तिथेच. पिऊन पडलेल्या माणसाच्या हातून अंधारात पेच सुटत नाहीत. तो कामाला उतरला होता. आणि जुनी काढायला जो उतरतो, तो नवी घेऊन आलेला असतो. नवी जाळी कुठाय, निकिता?"

निकिताचा हात पिशवीकडे गेला. पिशवी तिच्या खांद्यावरच होती. इतक्या दिवसांत जाळी तिने बाहेर काढली नव्हती आणि पिशवीही बदलली नव्हती.

"मी आत्ता उत्तर मागत नाही," उज्वलाताई म्हणाल्या. "रविवारी अभ्यासिकेत शोकसभा आहे. आशाच्या गावची माणसं येणार आहेत. तिथे मी बोलणार आहे. तूही ठरव, काय बोलायचं ते."

५

घरी आली तर अण्णांच्या चपला दाराबाहेर होत्या. निकिता त्या चपलांकडे बघत उभी राहिली.

छतावर ओल असते, घसरायला होतं. पण पंप बंद होता. दिवाळीपासून छताला पाण्याचा थेंब नव्हता. फरशी इतकी कोरडी होती की तिच्या चपलांना धूळ लागली होती. आणि बुधाच्या चपलाही शिडीपाशीच होत्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या.

गुलाबी रंग. त्यावर सोनेरी रेघ. सोवळ्याचा काठ असतो तशी.

ती आत गेली. अण्णा देवघरासमोर बसले होते, पण पूजा चालली नव्हती.

"अण्णा, मूर्तींचं तुम्ही काय केलंत?"

त्यांनी वळून बघितलं नाही. "उत्तरपूजा झाली की देव मूर्तीत राहत नाही, हे मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "विसर्जनानंतर दोन दिवस महापालिकेची गाडी आली, मूर्ती घेऊन गेली. मला वाटलं, नीट नेतायत. गाडीच्या मागे गेलो एकदा. रस्त्याच्या भरावात टाकत होते, निकिता. वरून जेसीबी फिरत होता. त्यावर डांबर पडणार, लोक चालणार, थुंकणार. दहा दिवस ज्याच्यापुढे हात जोडले त्याला पायदळी द्यायचं? माझ्याने बघवलं नाही. राहिलेल्या मूर्ती मी नाही दिल्या, त्यांचे खडे होईपर्यंत हौदातच भिजत ठेवल्या."

"आणि छतावर नेल्यात."

"जिथे कुणाचं पाऊल पडत नाही अशी दुसरी जागा दाखव मला या शहरात. तू टाकाऊ विटांना जागा दिलीस, भुशाला दिलीस, चोथ्याला दिलीस. म्हटलं, देवालाही देईल ही माती. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. बुधाने टोपल्या वाहिल्या. देव हायेत, हळू, असं मलाच म्हणायचा. त्याला चपला काढायला मीच सांगितलं होतं."

निकिता त्यांच्यासमोर बसली.

"गंधकाचं मला काय ठाऊक?" अण्णा म्हणाले. "मॅडमनी तो तुकडा उजेडात धरला तेव्हा कळलं. आणि जीवनराव शपथा घेत होते तेव्हा मी गप्प राहिलो. येऊ दे त्यांच्यावर, असं आलं मनात. या वयात असं मनात येतं, याची लाज वाटते."

मग निकितानेही सांगितलं. जाळीचं सांगितलं, फोनचं सांगितलं. बुधा म्हणाला होता, ताई, वरचा पाइप बघून खाली आलो, आता झाकण उघडलं तर लय घाण वास येतोय. आणि ती म्हणाली होती, चोथ्याचा वास आहे रे, नवीन आहे का? उतर आणि बसवून टाक. फोन चालूच होता, आणि थोड्या वेळाने त्यावरूनच बुधाचा पुन्हा आवाज आला होता, बरं ताई, आता नाय येत वास. तिला वाटलं होतं, झालं काम.

बाप आणि लेक, दोघंही एकाच घरात, एकाच पातेल्यातून आमटी वाढून घेत, आपापलं लपवत राहिले होते.

"अण्णा, काही बोलू नका," निकिता शेवटी म्हणाली. "तुमचं वय बघा. पोलीस, कोर्ट, देवाच्या मूर्तींवरून लोक काय काय बोलतील. बुधा आता परत येणार आहे का?"

हे आपल्या तोंडून निघालं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"आणि आशा?" अण्णांनी विचारलं.

अण्णा उठले, दाराशी गेले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.

६

रविवारी अभ्यासिकेत बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. पुढे आशा बसली होती. मागे सुरगाण्याहून आलेली तिच्या गावची माणसं, दत्तू, ट्रस्टचे लोक. जीवनराव खुर्चीच्या कडेवर बसले होते, केव्हाही उठून जायच्या तयारीने. अण्णांचा पत्ता नव्हता. सकाळी निकिता उठली तेव्हा ते घरात नव्हते.

उज्वलाताई उभ्या राहिल्या. अंगठीचं सांगितलं, वायूचं सांगितलं, पान्याचं आणि जाळीचं सांगितलं. मग म्हणाल्या, "प्लास्टर कुणी टाकलं? सगळे जीवनरावांकडे बघतायत. मला ते पटत नाही. मालात भेसळ करणारा माणूस ती सगळीकडे करतो, नाहीतर जवळ पडेल तिथे ओततो. हे प्लास्टर कडेला कुठेच नाही. कुणीतरी टोपलीने मधोमध नेलं, रोपं उपटून खाली ठेवलं, रोपं परत लावली. एवढा त्रास चोर घेत नाही. हे लपवलेलं नव्हतं. जपून ठेवलेलं होतं."

जीवनरावांनी पाठ टेकली. त्यांना रडू येईलसं दिसत होतं.

"गुलाबी रंगावर सोनेरी रेघ सीलिंगवर नसते, मूर्तीच्या पितांबराला असते. छत ठणठणीत कोरडं असताना दोन माणसं शिडीखाली चपला काढत होती. त्यांतला एक गेला." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "दुसऱ्याचं नाव मी घेऊ शकते. पण आधी नव्या जाळीचं कुणी सांगतंय का, ते बघू."

निकिता उठली. पिशवीतून जाळी काढून तिने आशासमोर सतरंजीवर ठेवली.

"बुधाला मी उतरवलं," ती म्हणाली. "त्याने फोन करून वास येतोय म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, चोथ्याचा आहे, उतर. ही जाळी मी उचलून लपवली. सगळे त्याला दारुडा म्हणत होते तेव्हा मी तिथेच उभी होते."

तेवढ्यात दारात अण्णा दिसले. अनवाणी. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते आणि डोक्यावर टोपली होती. सकाळपासून ते छतावर एकटेच खणत होते. ते पुढे आले, टोपली ठेवायला जागा शोधली. जमिनीवर त्यांना ती ठेववेना. शेवटी टेबलावर ठेवली.

"हे मी पुरलं होतं. जीवनरावांचा काही दोष नाही," ते म्हणाले. "देव कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. त्याचं विष होईल, असं ठाऊक नव्हतं मला. पण विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही."

"मी हे सगळं उद्या पोलिसांकडे देणार आहे," उज्वलाताई हळूच म्हणाल्या. "दोघांनी माझ्याबरोबर यायचं."

अण्णांनी होकाराची मान डोलावली. निकितानेही.

आशा जाळी हातात घेऊन बघत होती. मग तिने मान वर केली.

"देव पायाखाली नको म्हणून येवढं केलंत, अण्णा," ती म्हणाली. "टोपलीसुदीक खाली ठेवली नाय तुमी. आन ताई, तुमी. त्यो वास येतोय म्हणला व्हता. झाकण उघडून जरा थांब, येवढंच म्हणायचं व्हतं."

निकिताने हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं, पण आशाने हाताने थांबवलं.

"ते राहू द्या. मघाशी काय म्हणलात, ते परत म्हणा. मोठ्यानं. मागं आमच्या गावची माणसं बसलीत, त्यांना ऐकू गेलं नसंल."

निकिता मागे बसलेल्या माणसांकडे वळली. त्यांतल्या एकाचंही नाव तिला माहीत नव्हतं. "बुधा प्यायला नव्हता," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून तो टाकीत उतरला."

"अजून मोठ्यानं," आशा म्हणाली.

निकिताने पुन्हा सांगितलं.